एलिअनेशन, एलिअनेटेड, इस्ट्रेंज्ड: कागदात हे शब्द दिसले तर अर्थ कसा लावायचा

काही वर्षांपूर्वी एक बाई इंग्रजी प्रतिज्ञापत्र आणि त्याचं आधीच झालेलं मराठी भाषांतर घेऊन माझ्याकडे आल्या. इंग्रजीत होतं ‘माय इस्ट्रेंज्ड हजबंड’. मराठीत कुणीतरी लिहिलं होतं ‘माझे घटस्फोटित पती’. त्या एका शब्दामुळे कार्यालयाने घटस्फोटाचा हुकूमनामा मागितला. हुकूमनामा कुठून आणणार? घटस्फोट झालाच नव्हता, नवरा फक्त वेगळा राहत होता. दोन महिने त्या हेलपाटे घालत होत्या आणि चूक आपल्या अर्जात आहे की नशिबात, हेच त्यांना कळत नव्हतं.

त्याच सुमारास एका कुटुंबाने जमिनीची फाइल दिली. त्यात ‘अनएलिअनेटेड लँड’ असे शब्द होते. घरातल्या शिकलेल्या मुलाने शब्दकोश उघडून त्याचा अर्थ लावला, ‘न विकलेली जमीन’. आजोबांच्या काळचं खरेदीखत खोटं ठरणार, अशी आशा घरभर पसरली. तो अर्थ चुकीचा होता.

कोर्टाचे आणि महसुलाचे कागद मराठीत आणण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या शब्दांनी मलाही सुरुवातीला खूप चकवलं. तुम्ही भाषांतर शिकत असाल, घरचे कागद स्वतः वाचत असाल किंवा इंग्रजीत अर्ज लिहीत असाल, तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

आधी जवळ काय हवं

- पूर्ण कागद. नुसतं एक पान किंवा मोबाइलवर काढलेला अर्धा फोटो चालणार नाही. जमिनीचा कागद असेल तर परिशिष्टासकट हवा.
- कागदाची तारीख. १८८० च्या कागदातला एलिअनेशन आणि आजच्या वर्तमानपत्रातला एलिअनेशन यांचा अर्थ एक नसतो.
- जमिनीसाठी सातबारा, जुने फेरफार आणि इनामाचा काही उल्लेख असेल तर तो कागद.
- नवरा-बायकोच्या कागदासाठी दोन प्रश्नांची उत्तरं: घटस्फोट झाला आहे का? कोर्टाचा कुठला आदेश आहे का?
- भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, विशेषतः न्यायव्यवहार कोश. जुन्या महसुली मराठीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. मी १८५७ ची दुसरी आवृत्ती वापरते.

मोबाइलवरचं आपोआप होणारं भाषांतर या शब्दासाठी बाजूला ठेवा. ते एकच अर्थ उचलतं आणि सगळीकडे तोच चिकटवतं.

१. शब्दाचं मूळ एकदा नीट समजून घ्या

लॅटिनमध्ये ‘एलिएनस’ म्हणजे दुसऱ्याचा. त्यापासून दोन फांद्या फुटल्या. एका फांदीवर वस्तू दुसऱ्याची होते: विकली, दान दिली, गहाण टाकली. दुसऱ्या फांदीवर माणूस परका होतो: मन उडतं, नातं तुटतं, आपल्याच लोकांत उपरं वाटतं.

आपल्याकडे ‘पर’ हा शब्द नेमकं हेच काम करतो. ‘परस्वाधीन’ म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातलं आणि ‘परका’ म्हणजे आपला नसलेला. हे ‘पर’ मनात धरलं की दोन्ही अर्थ एकाच घरातले आहेत हे दिसतं आणि निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

‘इस्ट्रेंज्ड’ची वाट वेगळी. तो लॅटिनमधल्या ‘बाहेरचा’ या अर्थाच्या शब्दावरून जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा जमीनजुमल्याशी संबंध नाही, तो माणसांपुरताच आहे. उच्चार ‘इस्ट्रेंज्ड’, आणि दुसऱ्या शब्दाचा उच्चार ‘एलिअनेट’. सुरुवातीला स्पष्ट ‘ए’ आहे, ‘ॲ’ नाही.

२. शब्दाच्या शेजारी कोण बसलंय ते बघा

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची. शब्दाला पेन्सिलीने गोल करा आणि लगेच पुढचा शब्द वाचा.

पुढे ‘ऑफ’ असेल आणि त्यानंतर जमीन, मिळकत, हिस्सा असं काही असेल, तर तो व्यवहार आहे. वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे गेली. पुढे ‘फ्रॉम’ असेल आणि त्यानंतर माणूस, घर, समाज, काम असं काही असेल, तर तो दुरावा आहे. ‘इस्ट्रेंज्ड’च्या पुढेही ‘फ्रॉम’च येतो.

‘एलिअनेट’ क्रियापद म्हणून आलं आणि त्याचं कर्म माणसं असतील, तर तिसराच अर्थ निघतो. एखाद्या मंत्र्याच्या विधानाने शेतकऱ्यांना ‘एलिअनेट’ केलं, असं बातमीत आलं तर मराठीत ‘शेतकरी दुखावले’, ‘शेतकरी दूर गेले’ असं लिहा. ‘शेतकरी परके झाले’ हे कुणी बोलत नाही.

‘ऑफ’चा नियम एका ठिकाणी मोडतो: ‘एलिअनेशन ऑफ अफेक्शन’. तिसऱ्या माणसाने येऊन नवऱ्याचं किंवा बायकोचं प्रेम आपल्याकडे वळवलं, या कारणावरून नुकसानभरपाई मागायचा हा इंग्रजी कायद्याच्या परंपरेतला जुना दावा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनासारख्या मोजक्या राज्यांत तो अजून चालतो. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या एका निकालात या कल्पनेची चर्चा आहे. इथे प्रेमाकडे मिळकतीसारखं पाहिलं आहे, म्हणून ‘ऑफ’. मराठीत ‘तिसऱ्या व्यक्तीने जोडीदाराचं प्रेम हिरावून घेणं’ असं उलगडून लिहा.

३. जमिनीचा कागद असेल तर

इथे थोडं थांबावं लागेल, कारण पैशाचं आणि कोर्टाचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. जमिनीच्या कागदात हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतो आणि कधी कधी दोन्ही अर्थ एकाच फाइलमध्ये असतात.

*पहिला अर्थ: विक्री, दान, गहाण, अदलाबदल, भाडेपट्टा.* हा अर्थ मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मधला. त्याच्या कलम १० च्या शीर्षकातच हा शब्द आहे. मिळकत देताना ‘तू ही कधीच कुणाला देऊ शकणार नाहीस’ अशी सरसकट अट घातली, तर ती अट रद्दबातल ठरते, असं ते कलम सांगतं. न्यायव्यवहाराच्या मराठीत इथे ‘अन्यसंक्रामण’ हा शब्द आहे. तो जड वाटतो, पण नुसतं ‘विक्री’ लिहिलंत तर दान आणि गहाण बाहेर राहतात. मी कोर्टाच्या कागदात ‘अन्यसंक्रामण’ लिहिते आणि घरच्यांना समजावताना ‘दुसऱ्याच्या नावे करणं’ म्हणते. भावाभावांतली वाटणी सहसा यात धरत नाहीत. कारण वाटणीत आधीपासूनचाच हिस्सा वेगळा होतो, नवा मालक येत नाही.

एकत्र कुटुंबाच्या दाव्यांत हा शब्द पानापानावर असतो. कर्त्याने वडिलोपार्जित जमीन विकली, तर ‘कायदेशीर निकड’ होती का हा प्रश्न येतो: सरकारी देणं, आजारपण, घरातलं लग्न, कुटुंबाच्या बचावासाठीचा कोर्टखर्च. इथे आपल्या भागाचं एक वेगळेपण लक्षात ठेवा. मुंबई प्रांतात चालत आलेल्या हिंदू कायद्यानुसार सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सा असलेला घरातला माणूस, आपला अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन इतरांच्या संमतीशिवायही विकू शकतो. बनारसकडच्या परंपरेत ही मुभा नव्हती. म्हणून उत्तर भारतातल्या निकालाचं वाक्य इथल्या कागदाला जसंच्या तसं लावू नका.

अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या मुलाच्या नावची जमीन असेल, तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८ बघा. बापालासुद्धा ती स्थावर मिळकत कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

*दुसरा अर्थ: दुमाला.* हा खास आपल्या मुलखातला अर्थ आहे, आणि चुका सर्वाधिक इथेच होतात. जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली इंग्रजीत ‘एलिअनेटेड’ जमीन म्हणजे जिचा सारा (जमीन महसूल) घेण्याचा सरकारचा हक्क पूर्ण किंवा काही अंशी दुसऱ्या कुणाला दिलेला आहे, ती जमीन. म्हणजे इनाम. जमीन कुणी कुणाला विकली का, याच्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. सारा कुणाच्या घरी जातो, एवढंच तो सांगतो. मराठीत याला दुमाला म्हणतात, आणि ज्याचा सारा थेट सरकारात जातो ते खालसा.

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात सडोली खालसा आणि सडोली दुमाला अशी दोन गावं आहेत. एसटीच्या पाट्यांवर ही नावं रोज वाचणाऱ्यालाही ‘एलिअनेटेड व्हिलेज’ म्हणजे हेच ‘दुमाला’ हे कुणी सांगितलेलं नसतं. इंग्रजांनी इनामांची छाननी करायला इनाम कमिशन नेमलं, १८५२ चा अकरावा कायदा त्यासाठीच होता. पुण्यातल्या ज्या कचेरीत पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे ठेवले होते, तिला इंग्रजी कागदांत ‘एलिअनेशन ऑफिस’ म्हटलं जाई. पुढे याच दफ्तरातले निवडक कागद छापले गेले. जुन्या संशोधन लेखात हे नाव दिसलं तर ‘दुरावा कार्यालय’ करू नका. मी असं भाषांतर छापलेलं पाहिलं आहे आणि फार वाईट वाटलं होतं, कारण पुढचा वाचणारा ते खरं धरून चालतो.

आता त्या कुटुंबाच्या फाइलकडे या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम २९ भोगवटादारांचे वर्ग सांगतं. वर्ग १ म्हणजे ‘अनएलिअनेटेड’ जमीन कायमची आणि हस्तांतरणाच्या हक्कावर कुठलंही बंधन नसताना धारण करणारे. वर्ग २ ला हस्तांतरणावर बंधनं आहेत. एकाच वाक्यात दोन्ही गोष्टी आहेत बघा: ‘अनएलिअनेटेड’ म्हणजे दुमाला नसलेली, आणि विकण्याचा हक्क हा वेगळा मुद्दा, वेगळ्या शब्दात. त्यामुळे ती जमीन १९७१ मध्ये विकली गेली असली तरी ‘अनएलिअनेटेड’च राहते. खरेदीखताला धक्का लागत नाही.

*आदिवासी जमीन.* अभ्यासाच्या लिखाणात ‘लँड एलिअनेशन’ असा शब्दप्रयोग येतो. तिथे ‘हस्तांतरण’ फार कोरडं पडतं, कारण लिहिणाऱ्याला जमीन हातची गेली हे सांगायचं असतं. ‘आदिवासींच्या जमिनी बिगरआदिवासींच्या हाती जाणं’ असं सरळ लिहा. संहितेची कलमं ३६ आणि ३६-अ अशा हस्तांतरणावर बंधन घालतात, आणि गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा वेगळा कायदा आहे. संहितेचं कलम उतरवताना मात्र तिथला नेमका शब्द पाळा.

४. नवरा-बायकोचा कागद असेल तर

‘इस्ट्रेंज्ड’ हा कायद्याचा दर्जा नाही. तो एवढंच सांगतो की नातं कागदावर आहे आणि माणसं एकमेकांपासून तुटली आहेत. वर्तमानपत्रं तो सर्रास वापरतात, वकीलही वापरतात, पण त्यातून घटस्फोट सिद्ध होत नाही. मराठीत येताना त्याच्या जागी चार वेगळे शब्द घुसतात आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा असतो.

‘घटस्फोटित’ म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा झालेला. तो नसेल तर हा शब्द लिहायचाच नाही.

‘न्यायिक विभक्तता’ म्हणजे हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १० खाली कोर्टाने वेगळं राहायला दिलेला आदेश. लग्न कायम असतं. आदेश असेल तरच हा शब्द, आणि सोबत आदेशाची तारीख.

‘परित्यक्ता’ म्हणजे नवऱ्याने टाकलेली. यात कुणी कुणाला सोडलं याचा आरोप आहे. कलम १३ मध्ये परित्यागाच्या कारणावरून घटस्फोट मागायला अर्जापूर्वी सलग किमान दोन वर्षांचा परित्याग लागतो. म्हणजे कोर्टात या शब्दाला वजन आहे. ‘इस्ट्रेंज्ड’मध्ये असा आरोप नसतो. बाई स्वतः घर सोडून आली असेल आणि तुम्ही ‘परित्यक्ता’ लिहिलंत, तर समोरचा वकील त्याच शब्दावर बोट ठेवेल.

‘विभक्त’ हा बातम्यांतला शब्द. चालतो, पण ‘विभक्त कुटुंब’ म्हटलं की लोकांना वेगळी चूल आठवते. मी प्रतिज्ञापत्रात तो टाळते.

सगळ्यात सुरक्षित वाक्य साधं असतं: ‘माझ्यापासून अमुक सालापासून वेगळे राहत असलेले माझे पती. आमचा घटस्फोट झालेला नाही.’ त्या बाईंच्या कागदावर मी हेच लिहिलं. दोन वाक्यं लागली, पण मग हुकूमनामा कुणी मागितला नाही.

उलटीकडून इंग्रजी अर्ज भरत असाल, तर वैवाहिक स्थितीच्या रकान्यात स्वतःहून ‘इस्ट्रेंज्ड’ लिहू नका. फॉर्मवर जे पर्याय छापले असतील त्यांतलाच निवडा. ‘सेपरेटेड’चा पर्याय असेल तर कोर्टाचा आदेश लागतो का, हे त्याच फॉर्मच्या सूचनांत वाचा. परदेशातल्या मुलांसाठी कागद करणाऱ्या आईवडिलांनी हे जास्त सांभाळावं, कारण तिकडची कार्यालयं प्रत्येक शब्दाला पुरावा मागतात.

५. नवरा-बायको सोडून बाकीची नाती

आईवडील, मुलं, भावंडं, जुने सहकारी, राजकीय मित्रपक्ष या सगळ्यांना ‘इस्ट्रेंज्ड’ लागतो. अट एकच: आधी जवळीक असायला हवी. कधी ओळखच नसलेल्या माणसापासून कुणी इस्ट्रेंज्ड होत नाही. ‘एलिअनेटेड’ला ही अट नाही. नव्या शहरात आलेल्या मुलाला तिथल्या लोकांत पहिल्या दिवसापासून एलिअनेटेड वाटू शकतं.

मराठीकडे इथे इतकं आहे की कोश लागत नाही. अबोला, बिनसणं, वाकडं येणं, जाणं-येणं बंद, संबंध तोडणं, दोघांत विस्तव न जाणं, माहेर तुटणं. किती तुटलंय ते बघून शब्द घ्या. अबोला चार दिवसांत सुटतो, तो इस्ट्रेंजमेंट नव्हे. ‘माहेर तुटलं’ ही मात्र नेमकी तीच गोष्ट आहे, आणि त्यात जे दुखणं आहे ते इंग्रजी शब्दात येत नाही. कथा किंवा पत्र भाषांतरित करत असाल तर ‘दुरावलेला मुलगा’ चांगलं. वारसाच्या कागदात मात्र फक्त ‘मुलगा’, कारण दुराव्याने वारसा हक्क जात नाही.

‘पेरेंटल एलिअनेशन’ हा शब्द हल्ली मुलांच्या ताब्याच्या दाव्यांत येतो. अर्थ असा की एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्या पालकाविरुद्ध फिरवणं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालात त्याची चर्चा आहे. पण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या विकारसूचीत तो विकार म्हणून नाही, आणि या कल्पनेवर जगभर वाद आहे. म्हणून ‘आजार’ किंवा ‘विकार’ असा शब्द स्वतःहून जोडू नका. ‘मुलाचं मन दुसऱ्या पालकाविरुद्ध कलुषित करणं’ पुरेसं आहे, आणि तेही ‘असा आरोप आहे’ हे न गाळता.

६. पुस्तकी लेख असेल तर

समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञानात हा शब्द बहुतेक वेळा मार्क्सकडून येतो. त्याच्या १८४४ च्या पॅरिसमधल्या टिपणांत कामगार चार गोष्टींपासून तुटतो: आपण बनवलेल्या वस्तूपासून, कामापासून, आपल्या माणूसपणापासून आणि इतर माणसांपासून. मराठीत यासाठी ‘परात्मता’ आणि ‘परात्मभाव’ रुळले आहेत. दोन्हींपैकी एक निवडा आणि लेखभर तोच ठेवा. मूळ जर्मनमध्ये मार्क्स दोन शब्द वापरतो. ‘एन्टफ्रेम्डुंग’ म्हणजे परकं होणं आणि ‘एन्टॉयसरुंग’ म्हणजे आपल्याजवळचं बाहेर देऊन टाकणं. दुसऱ्यात विकण्याची छटा आहे. पहिल्या पायरीतल्या दोन फांद्या इथे पुन्हा भेटतात.

नाटकावरचा लेख असेल तर सावध राहा. जर्मन नाटककार ब्रेश्टचा ‘एलिअनेशन इफेक्ट’ हा तिसरा जर्मन शब्द आहे, ‘फरफ्रेम्डुंग’. १९३५ मध्ये मॉस्कोत चिनी नट मेई लानफांगचा अभिनय पाहून त्याने यावर लिहिलं. प्रेक्षकाला नाटकापासून तोडायचं असं त्याला म्हणायचं नव्हतं. ओळखीची गोष्ट अनोळखी करून दाखवायची, म्हणजे प्रेक्षक वाहवत न जाता विचार करेल, हा हेतू. इथे ‘परात्मता’ लिहिणं चूक. रशियन समीक्षक श्क्लोव्हस्कीच्या १९१७ च्या लेखातली कल्पनाही जवळची आहे, तिला ‘अपरिचितीकरण’ म्हणतात. इंग्रजीत तीही कधी कधी ‘इस्ट्रेंजमेंट’ होऊन येते.

७. शेवटी वाचून दाखवा

भाषांतर झालं की ज्याचा कागद आहे त्याला मोठ्याने वाचून दाखवा. वकिलाला नंतर. अडखळण्याची जागा तिथेच सापडते.

त्या जमिनीच्या फाइलचं भाषांतर मी घरातल्या सगळ्यात थोरल्या काकांना वाचून दाखवलं. वय ऐंशीच्या पुढे, इंग्रजी अजिबात नाही. मी लिहिलं होतं, ‘जिच्या सारावसुलीचा शासनाचा हक्क अन्य कोणाकडेही हस्तांतरित झालेला नाही अशी जमीन’. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, “म्हणजे खालसाच की. मग तसं लिही की गं.”

तेव्हापासून मी ‘अनएलिअनेटेड’साठी आधी ‘खालसा’ लिहिते आणि लांबलचक व्याख्या त्याच्यानंतर.